वायलवर १ मिग्रॅ लिहिलंय म्हणजे आत १ मिग्रॅ पेप्टाइडच असतं का? (लायोफिलाइज्ड, म्हणजे गोठवून वाळवलेलं पेप्टाइड विरघळवणं आणि डोसचं गणित)

केशरपाकळी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण गेला दीड महिना एकाच जागी अडकलेय आणि आता खरंच मदत हवीय.

माझं काम सेल कल्चरवर आहे. अँजिओटेन्सिन टू हे पेप्टाइड (अमिनो अ‍ॅसिडची छोटी साखळी) पेशींवर टाकायचं, वेगवेगळ्या डोसला कॅल्शियम सिग्नल किती येतो ते मोजायचं आणि त्यावरून डोस रिस्पॉन्स कर्व्ह काढायचा. जुनी वायल संपली, नवीन लॉट आला. प्रोटोकॉल तोच, पेशी त्याच, आणि कर्व्ह उजवीकडे सरकला. म्हणजे अर्ध्या रिस्पॉन्ससाठी आधी जेवढं पेप्टाइड लागायचं त्याच्या जवळपास तिप्पट लागायला लागलं. तीनदा परत केलं, तीनदा तेच आलं.

गणित मी असं करते, कुठे चुकत असेल तर सांगा. अँजिओटेन्सिन टू चं मॉलिक्युलर वेट १०४६.२. वायलवर १ मिग्रॅ लिहिलंय. १ भागिले १०४६.२, म्हणजे ०.९५६ मायक्रोमोल. म्हणून ९५६ मायक्रोलिटर पाणी घातलं की १ मिलिमोलर स्टॉक तयार. मग त्यातून १० मायक्रोलिटर घेऊन ९९० बफरमध्ये, की १० मायक्रोमोलर, आणि पुढे दहा दहा पटीने खाली. यात चुकण्यासारखं मला तरी काही दिसत नाहीये.

निशिगंध

गणित बरोबर आहे गं. लॉट खराब असेल, कंपनीला मेल टाक.

जुनाकंदील

थांबा, मेल टाकायच्या आधी दोन्ही लॉटचे सर्टिफिकेट (कंपनीचा तपासणीचा कागद) काढा आणि त्यावर तीन गोष्टी बघा: सॉल्ट फॉर्म काय लिहिलाय, नेट पेप्टाइड कंटेंट (पावडरच्या वजनात खरं पेप्टाइड किती) किती दिलाय, आणि एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करायची पद्धत) प्युरिटी किती. या तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक लोक फक्त शेवटची वाचतात, ९७ टक्के दिसलं की वाटतं चला, पावडरमधला ९७ टक्के भाग आपलं पेप्टाइड आहे. तसं नसतं. एचपीएलसीची प्युरिटी एवढंच सांगते की यूव्हीमध्ये दिसणाऱ्या पेप्टाइडसारख्या गोष्टींपैकी किती टक्के तुमच्या सिक्वेन्सचं आहे. पावडरमध्ये पाणी किती आणि काउंटर आयन (पेप्टाइडला चिकटलेले उलट चार्जचे आयन) किती ते तिला दिसतच नाही.

केशरपाकळी

काढले. जुना लॉट: अ‍ॅसिटेट सॉल्ट, नेट पेप्टाइड ८६ टक्के, प्युरिटी ९८. नवीन लॉट: टीएफए सॉल्ट, नेट पेप्टाइड ७० टक्के, प्युरिटी ९७.

खरं सांगते, नेट पेप्टाइडची ओळ मी आजवर वाचलीच नव्हती.

जुनाकंदील

बरं, आता नीट सांगतो, वेळ आहे माझ्याकडे.

पेप्टाइड बनवून झालं की ते एचपीएलसीवर शुद्ध करतात आणि तिथल्या सॉल्व्हंटमध्ये टीएफए, म्हणजे ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं. पेप्टाइडवर जितक्या बेसिक (अधिक चार्ज घेणाऱ्या) जागा, तितके टीएफएचे आयन तिथे चिकटून बसतात, आणि फ्रीझ ड्राय करताना पाणी उडून गेलं तरी हे आयन सॉल्टच्या रूपात तिथेच राहतात. तुमच्या अँजिओटेन्सिनमध्ये एन टर्मिनसची (साखळीच्या सुरुवातीची) एक जागा, आर्जिनिनची एक, हिस्टिडिनची एक, अशा तीन बेसिक जागा आहेत. टीएफएचं वजन ११४, तीन म्हणजे ३४२. म्हणजे पावडरमधल्या एका युनिटचं वजन १०४६ नसून १३८८ च्या आसपास आहे, आणि त्यात पेप्टाइडचा वाटा साधारण ७५ टक्के. वर थोडं पाणी असतंच, लायोफिलाइज केलेली पावडर कधी पूर्ण कोरडी नसते. तेव्हा सर्टिफिकेटवरचे ७० टक्के अगदी जुळतात, लॉट खराब वगैरे काही नाही. अ‍ॅसिटेटचं वजन ६० च आहे म्हणून त्या लॉटमध्ये आकडा वर होता.

आता तुमचं गणित परत करू. १ मिग्रॅ पावडर गुणिले ०.७० म्हणजे ०.७० मिग्रॅ पेप्टाइड, भागिले १०४६.२ म्हणजे ०.६६९ मायक्रोमोल. १ मिलिमोलरसाठी ६६९ मायक्रोलिटर घालायला हवं होतं, तुम्ही ९५६ घातलंत. तुमचा "१ मिलिमोलर" खरं तर ०.७० मिलिमोलर आहे. जुन्या लॉटचा ०.८६ होता, म्हणजे तोही १ नव्हताच, फक्त तुम्हाला सवय झाली होती त्याची. काही जण यावर प्युरिटीनेही गुणतात, तेही चालतं, मात्र एकदा ठरवलं की सगळ्या लॉटना तेच करायचं.

एक गोष्ट विसरू नका, काही कंपन्या वायल भरतानाच नेट वजन धरून भरतात, म्हणजे १ मिग्रॅ म्हणजे खरोखर १ मिग्रॅ पेप्टाइड. तिथे परत ०.७० ने गुणलं तर उलटी चूक होईल. लेबलवर ग्रॉस की नेट हे स्पष्ट नसेल तर मेल त्यासाठी टाका.

केशरपाकळी

बापरे. कंदीलकाका खूप खूप आभार. पण ०.८६ आणि ०.७० मध्ये फरक सव्वा पटीचाच आहे ना? माझा कर्व्ह तिप्पट सरकलाय. मग बाकीचं कुठे गेलं?

जुनाकंदील

बरोबर पकडलंत. हा प्रश्न महत्त्वाचा आहे. एक सांगा, कर्व्ह जसाच्या तसा उजवीकडे सरकलाय की त्याचा आकारही बदललाय? स्टॉकचं गणित चुकलं तर सगळ्या डोसमध्ये तेवढ्याच पटीची चूक येते, म्हणजे लॉग स्केलवर अख्खा कर्व्ह समांतर सरकतो. तसं नसेल तर कारण दुसरं आहे.

केशरपाकळी

आत्ता दोन्ही एकावर एक ठेवून बघितले. वरचे डोस जवळजवळ जुळतायत, थोडे सरकलेत एवढंच. खालचे मात्र, १० नॅनोमोलर आणि १ नॅनोमोलर, पार बसलेत, १ नॅनोमोलरला तर काहीच रिस्पॉन्स नाहीये, आधी चांगला यायचा. कर्व्ह एकदम उभा झालाय.

अबोली७

मग पेप्टाइड प्लास्टिकला चिकटतंय! मला शंभर टक्के खात्री आहे कारण मी यात सहा महिने घालवलेत. मायक्रोमोलरला थोडं चिकटलं तर कळतही नाही, पण नॅनोमोलरला मुळात इतके कमी रेणू असतात की ट्यूबच्या भिंतीच बरेचसे खाऊन टाकतात, आणि तू दहा दहा पटीने खाली जातेस म्हणजे प्रत्येक पायरीला नवीन ट्यूब, नवीन टिप, नवीन भिंत. खाली जाईल तसा तोटा वाढत जातो. बफरमध्ये बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) आहे का तुझ्या?

केशरपाकळी

असतं ना, ०.१ टक्का.

केशरपाकळी

नाही. नसतं. आत्ता बाटली बघून आले. नवीन बॅच माझ्या सहकाऱ्याने बनवलीय, त्याच्या कामात बीएसए चालत नाही म्हणून त्याने ते न घालता बनवलं आणि बाटलीवर फक्त बफरचं नाव लिहिलंय. तारीख बरोबर नवीन लॉट आला त्याच आठवड्याची.

अबोली७

बघ. बीएसए भिंतीवरच्या जागा आधीच अडवून बसतं म्हणून पेप्टाइडला चिकटायला जागा उरत नाही. लो बाइंडिंग (कमी चिकटवणाऱ्या) ट्यूब पण घे, आणि खालची डायल्युशन्स आदल्या दिवशी करून ठेवू नकोस, वापरायच्या वेळीच कर. बेसिक पेप्टाइड असेल तर काचेला पण चिकटतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, काच म्हणजे सुरक्षित असं धरून चालतात.

मृगजळ_

वाचतेय, फार उपयोगी धागा. माझा प्रश्न जरा आधीच्या पायरीचा आहे. माझं पेप्टाइड पाण्यात विरघळतच नाहीये, पांढरं दही झालंय. पूर्ण वायलमध्ये पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर) घातलं होतं. आता काय करू?

जुनाकंदील

पीबीएस पहिल्यांदा नको होतं घालायला. मीठ असलं की बरीच पेप्टाइडं एकमेकांना धरून बसतात. आधी साध्या शुद्ध पाण्यात, कमी आकारमानात विरघळवायचं, मग बफरमध्ये न्यायचं.

आणि त्याच्याही आधी सिक्वेन्स कागदावर लिहून चार्ज मोजायचा. लायसिन, आर्जिनिन आणि एन टर्मिनस प्रत्येकी अधिक एक, हिस्टिडिनही ढोबळमानाने त्यातच धरा, अ‍ॅस्पार्टेट, ग्लुटामेट आणि सी टर्मिनस (साखळीचा शेवट) प्रत्येकी उणे एक. बेरीज अधिक आली तर पाणी, नाही जमलं तर थोडं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. उणे आली तर थोडं अमोनियाचं पाणी किंवा अमोनियम बायकार्बोनेट, पण सिस्टीन असेल तर बेसिककडे जायचं नाही, डायसल्फाइड बनतात. बेरीज शून्याच्या आसपास आणि वर ल्युसीन, व्हॅलीन, फेनिलअ‍ॅलनिन असली पाणी टाळणारी मंडळी भरपूर, तर डीएमएसओ (एक सेंद्रिय सॉल्व्हंट). सिस्टीन किंवा मेथिओनिन असेल तर डीएमएसओने ऑक्सिडाइज होण्याची भीती, तिथे डीएमएफ हा दुसरा सॉल्व्हंट बघा. तुमचा सिक्वेन्स इथे टाकू नका हवं तर, पण चार्ज मोजा आणि सांगा.

मृगजळ_

शून्य येतोय, आणि मध्ये चार ल्युसीन, दोन व्हॅलीन. सिस्टीन मेथिओनिन नाही.

जुनाकंदील

मग डीएमएसओच. दही झालेली वायल परत लायोफिलाइज करून घ्या, वाया गेलीय असं आत्ताच समजू नका, फक्त पीबीएसचं मीठ त्यात राहील, तेव्हा ती पावडर वजनाने मोजायच्या कामाची नाही. पुढच्या वेळी आधी चिमूटभर पावडर वेगळी काढून तिच्यावर करून बघा, अख्ख्या वायलवर प्रयोग करायचा नाही. डीएमएसओ अगदी थोडं घेऊन पूर्ण विरघळू द्या, आणि मग ते हलत्या बफरमध्ये थेंब थेंब सोडा. उलटं, म्हणजे डीएमएसओच्या स्टॉकवर बफर ओतलंत तर मध्येच गाळ बसायची शक्यता जास्त. पेशींवर जाताना डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आसपास राहील असा स्टॉक घट्ट बनवा, आणि कंट्रोलच्या विहिरींमध्ये तेवढंच डीएमएसओ घाला.

आणि नुसतं स्वच्छ दिसतंय म्हणजे विरघळलं असं नाही. जोरात सेंट्रिफ्यूज करून तळाशी काही बसतंय का बघा.

तिसराप्रहर

मंडळी, विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्या मित्राने ऑनलाइन एक पेप्टाइड मागवलंय, स्नायूंची दुखापत लवकर भरते म्हणून. वायल ५ मिग्रॅची आहे, सोबत इन्सुलिनची सिरिंज आलीय. किती पाणी घालायचं आणि सिरिंजवर किती युनिटपर्यंत ओढायचं हे कुणी सांगेल का?

पाऊसवाट

तिसराप्रहर, हा आकडा इथे कुणी देऊ नये असं मला वाटतं, आणि का ते सांगते, रागावू नका.

वर आत्ताच वाचलंत ना, लॅबसाठी विकलेल्या, सर्टिफिकेट असलेल्या वायलमध्येही लेबलवर १ आणि आत ०.७० निघालं. तुमच्या मित्राच्या वायलला सर्टिफिकेट आहे का, असलं तरी ते त्याच वायलचं आहे का, कोण सांगणार? "फक्त संशोधनासाठी" असं लेबल असलेला माल माणसाच्या शरीरात जायचा म्हणून तपासलेलाच नसतो, निर्जंतुक असेलच असं नाही. आणि जंतू मारले तरी त्यांच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन राहतं, ते फिल्टरने जात नाही, त्याने ताप थंडीपासून रक्तदाब कोसळण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. उंदराला द्यायचं असलं तरी आम्ही त्याची वेगळी टेस्ट करतो.

दुसरं म्हणजे सिरिंजवरचे युनिट. ते युनिट इन्सुलिनचे आहेत, १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी १०० खुणा म्हणजे १ मिली. दुसऱ्या औषधासाठी त्या खुणांना औषधाच्या मात्रेचा अर्थच नाही, ते फक्त आकारमान आहे. मिग्रॅ, मिली आणि युनिट यांची गल्लत होऊन लोक दवाखान्यात गेलेत, अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०२४ मध्ये सेमाग्लुटाइडबद्दल हीच सूचना काढली होती, वायलमधून स्वतः ओढून घेताना लोकांनी ठरलेल्या डोसच्या ५ ते २० पट घेतल्याच्या घटना होत्या त्यात. आणि ते तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध होतं.

मित्राला दुखापत आहे तर हाडांच्या किंवा स्पोर्ट्सच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आधीच घेतलं असेल आणि ताप, सूज, पुरळ, धाप असं काही असेल तर वायल सोबत घेऊन आजच जा, लपवू नका.

तिसराप्रहर

अजून घेतलेलं नाहीये. त्याला हा धागा दाखवतो. धन्यवाद ताई, एंडोटॉक्सिनचं माहीतच नव्हतं.

निशिगंध

पाऊसवाट, +१. तू उंदरांवर काम करतेस ना, मग डोसचं गणित कसं करतेस ते पण लिही, मला मिग्रॅ प्रति किलोमध्ये नेहमी गोंधळ होतो.

पाऊसवाट

सोपं आहे, फक्त क्रम पाळायचा. समजा मंजूर प्रोटोकॉलमध्ये ०.५ मिग्रॅ प्रति किलो असा डोस आहे आणि आकारमान १० मिली प्रति किलो. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं, ०.०५ मिग्रॅ प्रति मिली, झालं, हेच द्रावण बनवायचं. उंदराचं वजन यात येतच नाही. वजन येतं ते देताना: २५ ग्रॅमचा उंदीर असेल तर २५० मायक्रोलिटर, २२ ग्रॅमचा असेल तर २२०. त्यातून २५ ग्रॅमवाल्याला १२.५ मायक्रोग्रॅम मिळतं, उलट गुणून पाहा.

मग शेवटी नेट पेप्टाइड. ०.०५ मिग्रॅ पेप्टाइड हवंय आणि पावडर ७० टक्के आहे तर ०.०५ भागिले ०.७०, म्हणजे दर मिलीला ०.०७१ मिग्रॅ पावडर. इथे गुणायचं की भागायचं यात माणसं अडखळतात. मी स्वतःला एवढंच विचारते, पावडर जास्त लागणार की कमी? जास्तच लागणार, कारण तिच्यात दुसरंही काही आहे. उत्तर कमी आलं तर चुकलं.

हो, आणि टीएफए सॉल्टचं द्रावण आम्लधर्मी असतं, द्यायच्या आधी पीएच बघायचाच.

केशरपाकळी

अपडेट द्यायला आले.

नवीन वायल घेतली. यावेळी फ्रीझरमधून काढून लगेच उघडली नाही, डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ दिली कारण थंड वायल उघडली की हवेतली ओल पावडरवर बसते. मग थोडा वेळ सेंट्रिफ्यूज केली, आधी मी हे करत नव्हते, झाकणाला चिकटलेली पावडर यावेळी खाली आली आणि मला ती दिसली सुद्धा. ६६९ मायक्रोलिटर पाणी घातलं, हलक्या हाताने फिरवलं.

कंदीलकाका, तुम्ही व्यक्तिगत निरोपात सुचवलेलं तेही केलं: अँजिओटेन्सिन टू मध्ये एक टायरोसिन आहे आणि त्याचा २८० नॅनोमीटरला एक्स्टिंक्शन कोइफिशंट (प्रकाश किती शोषला जातो तो आकडा) १४९०, म्हणजे खरोखर १ मिलिमोलर असेल तर १ सेंमी क्युव्हेटमध्ये शोषण १.४९ यायला हवं. माझं १.४५ आलं. जुन्या पद्धतीने बनवलेला स्टॉक फ्रीझरमध्ये उरला होता तोही मोजला, त्याचं १.०२. दोन आकडे शेजारी शेजारी बघितल्यावर दीड महिन्याचं ओझं उतरलं.

बीएसएवाल्या बफरमध्ये, लो बाइंडिंग ट्यूबमध्ये कर्व्ह काढला, दोनदा. १ नॅनोमोलरला रिस्पॉन्स परत आलाय. जुन्या लॉटच्या कर्व्हवर ठेवला तर थोडा डावीकडे आहे आणि तो तसाच असायला हवा, कारण जुना स्टॉक ०.८६ होता. आता जुने सगळे डोस दुरुस्त करून परत प्लॉट करायला घेतलेत, मार्गदर्शकांना सांगितलंय, त्या म्हणाल्या मागच्या दोन वर्षांतले लॉट पण तपास.

जुनाकंदील

उत्तम. १.४५ म्हणजे मोजमापाच्या चुकीच्या आत आहे. मृगजळ_, तुमच्या सिक्वेन्समध्ये टायरोसिन किंवा ट्रिप्टोफॅन नसेल तर ही युक्ती चालणार नाही, तिथे अमिनो अ‍ॅसिड अ‍ॅनालिसिस करून घ्या.

केशरपाकळी, स्टॉक आता छोट्या छोट्या भागात वाटून उणे ८० ला ठेवा, एक भाग एकदाच वापरायचा, उरलेलं परत गोठवायचं नाही. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये मुळीच नको, तो दिवसातून कधीतरी थोडा गरम होतो.

अबोली७

आणि ट्यूबवर काय लिहिणार आहेस? नुसतं "१ मिलिमोलर" लिहू नकोस.

केशरपाकळी

नाही लिहिलं. पेप्टाइडचं नाव, लॉट नंबर, टीएफए सॉल्ट, नेट ७० टक्के धरून १ मिलिमोलर, पाण्यात, तारीख, माझं नाव. इतकं त्या इवल्या ट्यूबवर मावेना म्हणून ट्यूबवर नंबर आणि डब्याच्या झाकणावर आतून तक्ता चिकटवलाय. बफरच्या बाटल्यांवरही आता बीएसए आहे की नाही ते लाल पेनाने लिहितो आम्ही दोघं.

मृगजळ_

माझी चिमूटभर पावडर डीएमएसओमध्ये विरघळली! सेंट्रिफ्यूज केलं, तळाशी काही नाही. उद्या बफरमध्ये सोडून बघते, इथेच लिहीन.